पाठकोरे कागद

७ जुलै २००९, मंगळवार. आषाढ पौर्णिमा

विजयने सुई सोडून आज चार महिने दोन दिवस. तो म्हणतो मोजणं बंद कर. कसं करू? सख्खा धाकटा भाऊ, अडतीस वर्षांचा, उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वेल्डर होता आणि नशेच्या सुया टोचून टोचून अर्धा झाला. मार्चमध्ये नशामुक्ती केंद्रातून थेट माझ्या क्वार्टरवर आणला. बॅगेत तीन शर्ट आणि एक लुंगी. बस.

विहारात वर्षावास सुरू झाला. खिरीची यादी लागली. दर रविवारी एका घरची खीर. आपली पाळी २ ऑगस्ट, मैत्रीण कुंदाची त्याच्या पुढच्या रविवारी. वि. म्हणाला, "ताई, खीर मी करतो. तू दुधात नुसती साखर ओतते." बीरगावच्या खोलीवर दहा पोरांचा स्वयंपाक करायचा म्हणे हा. शहाणा.

ऑफिसातून रद्द झालेल्या पार्सल फॉर्मचा गठ्ठा आणला, त्याचीच ही वही शिवली. एक बाजू कोरी असताना कागद फेकला की मला अन्न टाकल्यासारखं वाटतं. लेक हसते. सोनू कॉलेजात गेल्यापासून मराठीत उत्तर देणंच विसरली आहे. "मम्मी, आपकी डायरी के पीछे किसी का कूलर बुक हुआ है." होऊ दे.

११ जुलै, शनि.

वि.बरोबर मोठ्या दवाखान्यात गेले, औषधाच्या केंद्रावर. दर महिन्याच्या ११ तारखेला त्याला गोळ्या मिळतात. एच.आय.व्ही. एकदाच लिहून टाकते, पुन्हा लिहिणार नाही. एप्रिलमध्ये रिपोर्ट आला. सुईतूनच.

तिथली सिस्टर चांगली आहे. छोटीशी, दरडावून बोलते. "एक भी गोली नहीं छूटनी चाहिए, विजय भैया. एक भी नहीं." मग माझ्याकडे वळून, "और दीदी, साथ खाने से, छूने से कुछ नहीं होता. घर में कोई अलगाव मत करना." मी मान डोलावली. पथ्याचा आणि गोळ्यांचा छापील कागद दिला, त्यावर त्याचं नाव, केंद्राचा शिक्का.

येताना ऑटोत वि. म्हणाला, "ताई, कोणाले सांगू नको. विहारातल्या लोकायले तर बिलकुलच नाही." आईची शपथ घातली. घेतली शपथ.

हे फक्त आम्हा तिघांना माहीत. तो, मी, सोनू.

१५ जुलै, बुध.

कुंदाला सांगितलं.

भाजीबाजारातून येत होतो. ती म्हणाली, "का वं रत्ना, चार दिवसापासून तोंड काहून उतरलं तुह्यं?" आणि माझं सुटलंच. रस्त्याच्या कडेला, हातात भेंडीची पिशवी. एप्रिलपासून पोटात दगड घेऊन फिरत होते.

बावीस वर्षांपासूनची मैत्रीण. सोनूचे बाबा गेले तेव्हा महिनाभर माझ्याजवळ झोपली. अनुकंपेच्या नोकरीचा अर्ज तिनेच भरला. तिचंही एक गुपित मी ठेवून घेतलं आहे. भाऊजी पितात. बाहेर सगळ्यांना "यायले चक्कर येते" म्हणून सांगते. खरं मला एकटीला माहीत.

सगळं ऐकून म्हणाली, "हव. मी काही ऐकलं नाही." मग डोळे पुसले. तिने माझे, मी तिचे. संध्याकाळी अंबाडीची भाजी पाठवली, "पोट्ट्याले दे" म्हणून.

शपथ मोडली. पण आज पोटभर जेवले.

१९ जुलै, रवि.

लिहायची लाज वाटते आहे.

सकाळी वि. ओट्यापाशी उभा, हातात स्टीलचा गिलास. "ताई, याच्या बुडाले नेलपॉलिश काहून लावलं?"

मी म्हटलं, "सोनूने सांडलं असेल."

त्याने ताट उलटं केलं. तिथेही लाल ठिपका. वाटीलाही. त्याच गिलासात चहा ओतून प्यायला.

सिस्टरने सांगितलेलं पाठ आहे मला. डोक्याला पटतंही. पण रिपोर्ट आल्याच्या पहिल्याच आठवड्यात हातांनी लावून टाकलं, डोक्याला विचारलंच नाही. त्याचे कपडेही उकळून काढत होते. सोनूचं लग्न व्हायचं आहे, असं काहीबाही मनात.

दुपारी सोनूने तिन्ही भांडी घेतली आणि ब्लेडने खरवडत बसली. "मेरी नई बॉटल थी, मम्मी. इस काम के लिए वेस्ट की आपने?" मग त्याच गिलासात पाणी घेतलं, माझ्यासमोर उभं राहून प्यायली. एकोणीस वर्षांची आहे. मी पन्नासची.

गिलासावर ओरखडे राहिले.

२२ जुलै, बुध.

आईची आठवण येते आहे. तिच्या गावात, भंडाऱ्याकडे, पाटलिणीच्या दारात उभं राहायचं, ओंजळ धरायची, वरून पाणी. कोपरापर्यंत ओघळायचं. ती गोष्ट ती सांगायची तेव्हा बाबा उठून जायचे. आम्ही कितीदा ऐकली. मी ती गोष्ट विहारात माइकवर सांगते, टाळ्या पडतात.

आणि गिलासाला लाल ठिपका. आई असती तर तिने मला काय म्हटलं असतं, मला नक्की माहीत आहे. लिहीत नाही.

२६ जुलै, रवि.

विहारात गेलो तिघंही. वि. पंचशील खणखणीत म्हणतो, पाचवं तर फारच. नशेपासून दूर राहीन, हे त्याच्याइतकं मनापासून त्या हॉलमध्ये कोणी म्हणत नसेल. तिथल्या दोघातिघांचं तर मला पक्कं माहीत आहे की संध्याकाळी कुठे जातात.

आता वर्षावासात आजाऱ्यांची नावं वाचून त्यांच्यासाठी पाठ होतो. चिठ्ठी पेटीत टाकायची. रामटेके काका सेक्रेटरी, तेच उघडून वाचतात, खिडकीच्या उजेडात धरून, जाड चष्म्यातून. ऐन वेळी मला सुचलं, वि.चं पण नाव द्यावं. घाईत पर्समध्ये हात घातला, पाठकोरा कागद होता, अर्धा फाडला, लिहिलं, "विजय. प्रकृती चांगली राहो." टाकला. नाव सगळ्यात शेवटी वाचलं काकांनी. जरा थांबून.

बाहेर आल्यावर वि. म्हणाला, "माह्यं नाव काहून दिलं?" पण चिडला नव्हता. खूश होता, मला कळतं.

राज्य झालं, राजधानी झाली, पण विहारापासून गुढियारीपर्यंतच्या रस्त्याला ती बातमी अजून पोहोचली नाही. चप्पल चिखलात तुटली.

२ ऑगस्ट, रवि.

सगळं नीट लिहिते. क्रमाने लिहिते.

वि. पहाटेच उठला. दहा लिटर दूध आटवलं. तांदूळ तुपावर परतून, वेलची कुटून, चारोळी. मला ओट्याजवळ फिरकू दिलं नाही. सोनूने चाखली आणि म्हणाली, "मामा, दुकान खोल लो." तो हसला. असा हसलेला मी किती वर्षांनी पाहिला असेल.

वाट्या विहारातल्याच. सोनूच्या बाबांच्या आठवणीत मीच दिलेल्या एक्कावन्न वाट्या, प्रत्येकीवर त्यांचं नाव कोरलेलं. वंदना झाली. सगळे ओळीने बसले. वि. वाढत गेला, वाकून, दोन्ही हातांनी. सगळ्यांनी घेतली. नको कोणी म्हटलं नाही. रामटेके काका तर म्हणाले, "वा, घट्ट झाली." कुंदा वाटी पदराखाली झाकून उठली, घाईत निघून गेली. पोट बिघडलं असेल म्हटलं.

मग मी हात धुवायला मागे गेले.

पिंपळाखाली, भिंतीच्या कडेने, वाट्या. ओळीने. भरलेल्या. काहींत चमचा तसाच उभा. कोणी फेकल्या नव्हत्या, सांडल्या नव्हत्या. व्यवस्थित, अदबीने ठेवून गेले होते. मुंग्या लागल्या होत्या.

मागून वि. आला, रिकामं पातेलं घेऊन. रिकामं म्हणून आनंदात.

मी त्याच्यासमोर उभी राहिले, झाकायला. पण भिंतभर वाट्या कशा झाकणार.

तो खाली बसला. एकेक वाटी बादलीत ओतली. धुतल्या, पुसल्या, मोजल्या. पन्नास भरल्या. एक कमी. बादली घेऊन कोपऱ्यावरच्या गोठ्याकडे निघाला, आणि थांबून मला विचारलं,

"गाईले काही होत नाही ना, ताई?"

३ ऑगस्ट, सोम.

ऑफिसला गेले नाही.

कुंदा. दुसरं कोण? तिघांपलीकडे तिलाच माहीत होतं. आणि ती वाटी झाकून पळाली, तिला माझ्यासमोर ठेवून जायची हिंमत नव्हती म्हणून. घरी नेऊन मोरीत ओतली असेल.

बावीस वर्षं. "मी काही ऐकलं नाही" म्हणाली होती. ऐकलं आणि वाटलं सगळीकडे. आतून इतकी जळते आहे की हातातलं पेन टोचून कागद फाटतो आहे.

आणि बाकीचे. ज्यांच्या घरच्या बाळंतपणात मी रात्री काढल्या. ओंजळीत पाणी घेणाऱ्यांची नातवंडं. त्यांनी तर निदान आपल्याला तोंडावर हाड म्हटलं होतं. हे वा म्हणून घेतात आणि भिंतीशी ठेवून जातात.

५ ऑगस्ट, बुध. श्रावण पौर्णिमा

विहाराच्या अंगणात, सगळ्यांसमोर. कुंदा चपला काढत होती.

मी म्हटलं, "खीर गोड होती का गं मोरीत ओतताना?"

ती म्हणाली, "काय बोलून राहिली तू?"

"तुलाच सांगितलं होतं मी विजयचं. एकट्या तुला."

"रत्ना, मी नाही." एवढंच. दोनदा म्हणाली. "मी नाही व."

मला तेवढ्याने थांबता आलं असतं. नाही थांबले. म्हटलं, "पाचव्या शीलाची एवढी काळजी असेल तर आधी घरात बघ. भाऊजींना चक्कर येत नाही, त्यांना दारू चढते, हे पण सांगितलंस का सगळ्यांना?"

कुंदाने चपला परत घातल्या. फाटकापर्यंत ती कशी चालत गेली ते मी पाहिलं. रामटेके काका म्हणाले, "बाई, विहारात असं बोलू नये."

वळले तर मागे वि. उभा.

"म्हणजे तू सांगितलं होतं," तो म्हणाला.

९ ऑगस्ट, रवि.

वि. बोलत नाही. गोळी घेतो, जेवतो, भिंतीकडे तोंड करून झोपतो. जेवताना विचारलं, भाजी कशी झाली. म्हणाला, "आईची शपथ घेतली होती तू." मग पुढचा घास घेतला.

आज खीर कुंदाची होती. नाही आली. दुसऱ्याच कोणी केली म्हणे. मी पण गेले नाही.

दुपारी रामटेके काका घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, जसं ऑफिसात बोलावणं आल्यावर आपण बसतो. मी मुद्दाम पाणी दिलं. त्याच ओरखड्याच्या गिलासात नाही, कपाटातल्या नव्या काचेच्या. त्यांनी पाहिलं, म्हणाले, "आत्ताच पिऊन आलो, ताई."

दर वर्षी पाण्याच्या हक्कावर यांचं भाषण असतं. लोक डोळे पुसतात.

"लोकायच्या मनात भीती आहे. अडाणी आहेत. समजून घ्या. विजयने यावं, जरूर यावं. फक्त वाढण्याबिढण्याच्या कामात नको. मागे बसावं."

मी म्हटलं, "मागे म्हणजे किती मागे, काका? गावकुसाबाहेर चालेल?"

उठून गेले. गिलास जसाच्या तसा भरलेला. मी तो एका दमात प्याले आणि फोडला. फोडायला नको होता, सहाचा सेट होता.

आतल्या खोलीत वि. जागा होता. सगळं ऐकलं असणार.

१३ ऑगस्ट, गुरु.

वि. गेला.

परवाच ११ ला केंद्रावर जाऊन महिन्याच्या गोळ्या घेऊन आला होता, एकटाच गेला. आज ऑफिसातून आले तर अंथरुणाची घडी, आणि पार्सल फॉर्मच्या मागे चिठ्ठी. हाताला लागलेला कागद आमच्याच घरचा, पाठकोरा. "ताई, बीरगावला खोली पाहतो. सोनूच्या लग्नात माह्यं लफडं नको. गोळ्या घेईन. काळजी करू नको."

फोन बंद. गिलास घेऊन गेला, तो खरवडलेला.

बीरगाव म्हणजे जुनी दोस्तमंडळी. जिथे सुई लागली तिथेच. काळजी करू नको म्हणे.

सोनू माझ्याशी बोलली नाही. झोपताना फक्त, "आपने बताया क्यों, मम्मी?" पोटातला दगड पेलवत नव्हता म्हणून? खरं तर तेच.

२३ ऑगस्ट, रवि.

सलग दुसऱ्या रविवारी बीरगाव. जुनी खोली दुसऱ्या कोणाकडे आहे. घरमालकाने नाव ऐकताच कडी लावली. "वो नशेड़ी? इधर नहीं."

कारखान्याच्या फाटकाजवळ चहाची टपरी आहे, एक म्हातारी चालवते. फोटो दाखवला. "हव, आथे. बिहनिया चाय पीथे, चल देथे." म्हणजे सकाळी येतो. जीव आहे. विचारलं, बरा दिसतो का. तिने हात हलवला, मधलाच.

मग स्वतःच म्हणाली, पहिल्या दिवशी स्वतःचा गिलास घेऊन आला होता, यातच द्या म्हणून. तिने तो बाजूला ठेवला आणि सगळ्यांच्यातला दिला. "सब बर एके गिलास, बेटी. कोन-कोन ला अलग देहूँ?"

मी तिथे बाकड्यावर बसून रडले. तिने मलाही चहा दिला, पैसे घेतले नाहीत.

मी कधी सकाळी येणार? शिफ्ट सातची. रजा टाकून दोनदा गेले, दोन्ही दिवशी नेमका आला नाही. मला पाहून वळला असेल.

३० ऑगस्ट, रवि.

आज जे सापडलं ते लिहिलं नाही तर मला झोप येणार नाही आणि लिहिलं तरी येणार नाही.

वि.ची फाइल आवरत होते. ११ सप्टेंबरला पुढच्या गोळ्या, केंद्राचा नंबर शोधत होते. जुलैचा छापील कागद हाती लागला, पथ्याचा. अर्धाच. खालचा अर्धा फाटलेला. वाकडी कड, डावीकडून उजवीकडे तिरपी, मी घाईत फाडते तशी.

खालच्या अर्ध्यावर गोळ्यांची नावं होती. केंद्राचं पूर्ण नाव. शिक्का.

बराच वेळ तो तुकडा हातात धरून बसले. पर्स. २६ जुलै. पेटी.

चपला घातल्या आणि रामटेके काकांच्या घरी गेले. त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. कपाटातून फाइल काढली, फाइलमधून माझी चिठ्ठी. जपून ठेवली होती. एका बाजूला माझ्या अक्षरात "प्रकृती चांगली राहो", दुसऱ्या बाजूला सगळं.

"तुम्हीच दिली ना, ताई. मले वाटलं, तुम्हाले सांगायचंच असेल सगळ्यायले."

"आणि तुम्ही सांगितलं."

"मी फक्त आमच्या हिले सांगितलं." काकू आतल्या दारात उभ्या होत्या, त्या मागे सरकल्या.

चिठ्ठी परत दिली. दोन बोटांनी, टोकाला धरून.

चूक माझी. माझ्या कंजूष सवयीची, माझ्या घाईची. हे मान्य. पण चुकून हातात आलेला कागद माणूस घडी घालून परत देतो. चावडीवर वाचत नाही. आणि वाचला तरी वाटी भिंतीशी ठेवायला कोणत्या कागदाने सांगितलं होतं?

आणि कुंदा. "मी नाही व." दोनदा म्हणाली होती. दोनदा.

माझा विश्वासघात झाला म्हणून मी महिनाभर छाती बडवत होते. तिचा तर मी केला. डोळे उघडे ठेवून, शब्द निवडून, सगळ्यांसमोर.

६ सप्टेंबर, रवि.

आठ दिवस लागले धीर व्हायला. कुंदाच्या दारात गेले.

भाऊजींनी उघडलं. शुद्धीत होते, दाढी केलेली. मला वाटलं दार लावतील. म्हणाले, "या ना, ताई. त्या दिवशीची खीर लय मस्त होती. विजयले सांगा."

मला कळेना.

"मले त्या दिवशी उठता येत नव्हतं," खाली बघून म्हणाले. "तुम्हाले माहीतच आहे काहून. तिने पदराखाली झाकून माह्यासाठी आणली. अर्धी तिने खाल्ली, अर्धी मी. तुमची वाटी राहिली आहे आमच्याकडे."

एक्कावन्नावी.

मी विचारलं, कुंदा? म्हणाले, "झोपली आहे." आत कुकरची शिट्टी झाली आणि कोणीतरी गॅस बारीक केला. आम्ही दोघांनी ऐकलं.

दाराकडूनच मोठ्याने म्हटलं, "कुंदा, चिठ्ठी माझीच होती. तू नव्हतीस. मी सगळ्यांसमोर सांगेन." मग म्हटलं, "विजय गेला घरातून. ११ तारखेला गोळ्या संपतात त्याच्या." हे काहून सांगितलं कोण जाणे. सवय. सगळं तिलाच सांगायची सवय.

परत येताना विहारावरून आले. वंदना संपत होती. माइक मागितला नाही. उभी राहून तशीच बोलले, माझा कागद होता, कुंदाचा काही संबंध नाही, आणि तिच्या घरचं मी बोलले ते माझं पाप. काही जणी माना खाली घालून बसल्या. एकीने मध्येच उठून पंख्याचं बटण दाबलं. काका चिठ्ठ्या नीट करत होते.

टाळ्या पडल्या नाहीत.

११ सप्टेंबर, शुक्र.

केंद्रावर. बाकावर बसून लिहिते आहे. सोनूने नवी वही आणून दिली आहे, दोन्ही बाजू कोऱ्या. पानं वाया घालवल्यासारखं वाटतं आहे.

रजा टाकली. नऊपासून इथे. आज वि.च्या गोळ्या संपल्या. आला तर घेत होता. नाही आला तर

सिस्टरने ओळखलं. "भैया नहीं आए अभी तक?" म्हटलं, येतील. ती म्हणाली, "फोन भी बंद है उनका. हमने भी लगाया था." तिने लावला होता. हे ऐकून कितीतरी बरं वाटलं.

बाकावर दहाबारा जण. तोंडाला रुमाल बांधलेला एक, एक नवरा-बायको, एक बाई मांडीवर पोरगी. कोणी कोणाकडे बघत नाही, पण जागा सरकवून देतात.

साडेबाराला कुंदा आली.

मी आधी ओळखलंच नाही. पदर डोक्यावरून घेतलेला. दारात थांबली, सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर थांबली नाही. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मधे चार माणसं.

मधली माणसं एकेक करून उठली, नंबर लागले. मधे कोणी उरलं नाही, तरी ना ती सरकली ना मी.

मी म्हटलं, "कुंदा."

पिशवीतून तिने वाटी काढली. वरून ताटली, फडक्याने बांधलेली. सोनूच्या बाबांचं नाव फडक्याबाहेर दिसत होतं. रिकामी वाटी परत करत नाहीत, ती तर कधीच करायची नाही. मी हात पुढे केला.

"तुह्यासाठी नाही आणली," ती म्हणाली. "त्याच्यासाठी आहे."

आणि वाटी मांडीवर ठेवून दाराकडे बघत बसली.

मी तिची माफी मागितली. नीट, पूर्ण. तिने ऐकलं. म्हणाली, "माह्या पोरीचं भिलाईचं स्थळ परत गेलं. बाप पितो म्हणून." एवढंच. ते भरून येणारं नाही.

तीनला वि.चा नंबर पुकारला. आम्ही दोघी उठलो, एकदम. सिस्टरने दोघींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, फाइल बाजूला काढून ठेवली. खाली नाही सरकवली, बाजूला ठेवली. "पाँच बजे तक हैं हम लोग."

मी कुंदाला म्हटलं, तू जा, भाऊजी एकटे असतील.

"बसतो ना पाचवरी," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

आता पावणेचार. बाहेर ऑटो थांबला की दोघीही मान वर करतो.